फरशीवरची ओल

नानांच्या घरात आता चपला काढाव्या लागत नाहीत. दारातल्या टोपलीतून निळ्या प्लॅस्टिकच्या पिशव्या घ्यायच्या, चपलांवर चढवायच्या आणि फसफस आवाज करत आत शिरायचं. पुण्याहून आलेलं एक कुटुंब होतं, कॉलेजातल्या तीन-चार मुली होत्या, आणि मी. पिशव्या चढवायला वाकले तेव्हा त्यातल्या एका मुलीनं माझा दंड धरला. "सावकाश, आजी. उंबरा उंच आहे."

लहानपणी याच उंबऱ्यावर बसून मी परकराच्या ओच्यातलं भडंग खात असे. पण ते काही मी तिला सांगितलं नाही.

ऋतुजा नावाची मुलगी गळ्यात माइक अडकवून आम्हाला घर दाखवत होती. तिनंच मला साताऱ्याला फोन केला होता. "आजी, त्या घरात राहिलेलं माणूस आता तुम्ही एकट्याच उरलात. एकदा येऊन बघा. आणि नंतर कॅमेऱ्यासमोर थोडं बोला." मी एसटीनं आले. आधी सगळ्यांबरोबर घर बघते, तोवर माझी ओळख करून देऊ नकोस, असं तिला बजावलं होतं.

"हे नुसतं घर नाही," ऋतुजा सांगत होती, "हे रंगभूमीचं देऊळ आहे."

देवळानं छान रंग घेतला होता. खांब घासून, तेल पाजून चकचकीत केले होते. भिंतींना मलईचा रंग होता. कुठंतरी लपवलेले पिवळे दिवे, आणि पुराचं पाणी ज्या उंचीपर्यंत चढलं होतं तिथं पितळेची पट्टी. सगळं होतं, फक्त वास नव्हता. मी दोन-तीनदा श्वास ओढून बघितला. नव्या वॉर्निशखाली काहीच नव्हतं.

आमच्या वेळी हे घर डोळे मिटून ओळखू यायचं. उन्हाळ्यात पेठेकडून हळदीचा वास येई, इतका दाट की कपड्यांवर पिवळं बसेल असं वाटे. पावसाळ्यात कृष्णा फुगली की घाटाकडून शेवाळाचा, कुजक्या लाकडाचा वास चढत वर येई. आणि नाना दौऱ्यावरून घरी आले की त्या सगळ्यावर त्यांचा वास बसे. खोबरेल, तोंडाला फासायचा सफेदा, ऊद आणि रेशमात मुरलेला घाम. ट्रंका उघडल्या जात. मावशी एकेक शालू झटकून माडीच्या कठड्यावर उन्हात टाकी. तिच्या अंगावर विटलेलं सुती लुगडं, आणि हातात नवऱ्याचे भरजरी शालू.

नाना म्हणजे माझ्या मावशीचे यजमान. नाटकात बायकांची कामं करायचे. तोवर बायका स्वतः नाटकात आल्या होत्या, पण नानांच्या कंपनीत नायिका नानाच असत, आणि गावोगावचे लोक अजून त्यांनाच बघायला येत. गोरे, बारीक हाडाचे, आवाज मध लावल्यासारखा. त्यांनी घरात कधी आवाज चढवला नाही, कधी हात उगारला नाही. हे मी मुद्दाम आधी सांगते, कारण पुढचं ऐकून कुणाला वाटेल की तो माणूस दारुड्या किंवा मारकुटा असेल. तसं काहीच नव्हतं.

मी शिराळ्याजवळच्या एका खेड्यातली. मावशीला दिवस गेले आणि तिची आई, म्हणजे माझी आजी, तोवर वारलेली. तेव्हा माझ्या आईनं मला सांगलीला धाडलं. "जा, मावशीला सोबत हो. शाळाबी चांगली हाय तितं." मी नऊ वर्षांची होते. मावशी तेवीस-चोवीसची असेल. तिला हसताना पदर तोंडाशी न्यायची सवय होती, आणि पदर तोंडापर्यंत पोचायच्या आत हसू संपलेलं असे.

पहिल्या खोलीत ऋतुजानं आम्हाला थांबवलं. फरशीत पितळेची पावलं बसवली होती, एकापुढे एक, किंचित तिरकी.

"नानांची चाल!" ती म्हणाली. "या चालीवर त्या काळी अख्खी सांगली फिदा होती. मोठमोठ्या घरांतल्या बायका ही चाल शिकायला नाटकाला यायच्या म्हणे. पुरुषाकडून शिकायच्या, बाईनं कसं चालावं! चला, कोण करून बघतंय?"

कॉलेजच्या मुली पुढे झाल्या. एकीनं मोबाइल धरला, बाकीच्या पावलांवर पावलं ठेवत चालल्या आणि हसून लवंडल्या. त्यातली एक सावळी, उंच मुलगी मात्र हसता हसता मधेच गप्प झाली आणि तीन-चार पावलं मन लावून चालली. टाच टेकायच्या आधी एक क्षण थांबायची. जमिनीला विचारल्यासारखी.

ती मावशीची चाल होती.

डोंगराच्या उतारावरून पाण्याच्या घागरी आणणाऱ्या सगळ्याच बायका थोड्याफार अशा चालतात. पायाखालचा दगड हलेल की काय हे आधी अजमावायचं, मग भार टाकायचा. मावशीच्या अंगात ते लहानपणापासून मुरलेलं होतं, आणि तिच्या उंचीमुळे ते फार देखणं दिसे. लग्न होऊन ती सांगलीत आली, घाटावरून पाणी आणू लागली, आणि माडीच्या खिडकीत बसून नाना तिच्याकडे बघत राहिले. नव्या नवरीला वाटलं असेल, नवऱ्याचा जीव जडला. जडला होताही. पण पुढच्या हंगामात ती चाल नानांच्या अंगावर होती.

हे मला मावशीनं कधी सांगितलं नाही. मी जे डोळ्यांनी पाहिलं तेच सांगते.

एकदा गावातले कुणी बडे लोक नानांना भेटायला आले होते. रुपेरी मुठीची काठी, अत्तराचा फाया. मावशी चहाचं तबक घेऊन आतून आली. पोट बरंच पुढे आलं होतं, तरी चाल तीच. त्यातले एक गृहस्थ मांडीवर थाप मारून हसले. "वा! वहिनी तर अगदी नानांसारख्या चालायला लागल्या. घरात नायिका दोन झाल्या म्हणायच्या!"

सगळे हसले. नानाही हसले. मावशीनं तबक ठेवलं आणि ती आत गेली.

लोक गेल्यावर नाना स्वयंपाकघराच्या दाराशी आले. चौकटीला हात टेकून, हळू आवाजात म्हणाले, "लोक हसतात. माझी नक्कल करू नकोस."

मावशी चुलीपुढून वर बघून म्हणाली, "आवं, मी तर आधीपासनंच अशी चालतीया."

"ते तुला ठाऊक, मला ठाऊक. लोकांना ठाऊक नाही ना." नाना समजुतीच्या सुरात म्हणाले. "उद्या ते म्हणतील, नाना बायकोची नक्कल करतो. किंवा म्हणतील, बायको नानांची करते. दोन्हीत माझं हसं. ये बाहेर. मी दाखवतो."

आणि त्यांनी तिला बाहेरच्या खोलीत, याच खोलीत, चालायला शिकवलं. आठव्या महिन्यातली बाई या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत जायची, परत यायची, आणि नाना झोपाळ्यावर बसून सांगायचे. "खांदे पाड. पाऊल ओढ थोडं. असं नाही, असं. बाजारातून दमून आल्यासारखी. अगं, साधी चाल, सगळ्या बायका चालतात तशी." ते उठून करून दाखवत. दोन घरं सोडून राहणारी कोणती म्हातारी कशी चालते, भाजीवाली कशी चालते, सगळं त्यांच्या अंगात होतं. मी भिंतीला टेकून बघत होते आणि मला ते मजेशीर वाटत होतं. मी हसलेही. मावशीनं माझ्याकडे एकदाच बघितलं.

काही दिवसांनी तिला ते जमलं. मग ती जन्मभर तशीच चालली. पाय घासत, सपाट. तिच्या वहाणा नेहमी बाहेरच्या कडेनं झिजायच्या.

पितळेच्या पावलांवरून पुण्याच्या कुटुंबातले बाबाही चालून आले आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

त्या वर्षी दिवाळीनंतर बाळ झालं. नाना दौऱ्यावर होते. हिवाळाभर ते घर आमचं, बायकांचं होतं. शेजारच्या काकू येऊन बाळाला न्हाऊ घालत. ओवा-शेपेची धुरी, तेलानं चिकट झालेला पाट, कढत पाण्याची वाफ, लंगोटांची रांग. शालूंच्या कठड्यावर लंगोट वाळत असत. मावशीला पहिल्यांदाच मी मोकळं हसताना ऐकलं. बाळाच्या पोटात तोंड खुपसून ती हसायची, तेव्हा पदर मधे येत नसे. घरात कुणी बघणारं नसलं की ती कधी कधी जुन्या चालीनं चाले, बाळाला खांद्यावर घेऊन, माजघरातल्या माजघरात.

मग उन्हाळा लागला. हळदीच्या पेठेत झुंबड उडाली, दुपारी रस्ते ओस पडू लागले. माजघरात शहाबादी फरशी होती. ती गार असे, म्हणून बाळाला तिच्यावर दुपट्याची घडी टाकून निजवायचो.

त्या दिवसाचं मला सलग काही आठवत नाही. काय झालं ते कुणी मला सांगितलं नाही, मी कधी विचारलं नाही. काकूंचा मोठा झालेला आवाज आठवतो. कुणीतरी मला पाणी आणायला पिटाळलं आणि मी आणलेलं पाणी कुणीच घेतलं नाही. मग गल्लीतली चार पुरुषमाणसं आली. तान्ह्या जीवाला फार वेळ ठेवत नाहीत. दुपट्यासकट उचललं आणि नेलं.

बायका मागच्या अंगणात बसल्या. माजघरात मावशी आणि मी, दोघीच. मावशी फरशीवर बसली होती, रडत नव्हती. तिनं उजव्या हाताचा तळवा फरशीवर टेकवला होता. थोड्या वेळानं ती तो उचली, बघे, आणि परत टेकवी. परत उचली. मला वाटलं, ती थोपटतेय. जवळ गेले तेव्हा दिसलं.

दुपट्यातून झिरपून फरशीवर ओल उतरली होती. बाळानं सकाळी दुपटं भिजवलं होतं, त्याचा तळहाताएवढा काळसर डाग. उन्हाळ्याचे दिवस, डाग कडेकडेनं वाळत चालला होता. मावशी तो हातानं झाकत होती. उचलून बघत होती, किती उरलाय.

"लय लवकर वाळतंय गं," ती मला म्हणाली. एवढंच.

आणि मी मान वर केली तर दारात नाना होते.

दौऱ्यावरून ते नेमके त्याच दुपारी परतले होते, आणि काय झालं ते त्यांना गल्लीतच कळलं होतं. अंगावर प्रवासाची धूळ, हातात लहान ट्रंक. ती त्यांनी खाली ठेवली नव्हती. ते आत येत नव्हते. डोकं जरासं एका बाजूला कललेलं, डोळे मावशीच्या हातावर. हात उचलला की त्यांची नजर उचले, हात टेकला की टेके. मी लहान होते, पण ती नजर मला ओळखीची होती. दोन घरं सोडून राहणाऱ्या म्हातारीकडे ते असंच बघत.

किती वेळ ते तसे उभे होते कोण जाणे. मावशीच्या हाताखाली आता काही उरलं नव्हतं. ती तरी हात टेकवत होती. मग नानांनी ट्रंक खाली ठेवली, आत आले, तिच्या शेजारी बसले आणि खरोखर रडले. ते रडू खोटं होतं असं मी आजही म्हणणार नाही.

"आता आपण घराच्या गाभाऱ्यात आलोय," ऋतुजानं आवाज खाली आणला. माजघराच्या भिंतीवर छतापर्यंत पोचणारा एक फोटो होता. खुल्या केसांच्या नाना. बसलेल्या. हो, 'बसलेल्या' असंच मनात येतं. डोळे रिकाम्या पाळण्याकडे आणि उजवा हात जमिनीवर, तळवा जरासा उचललेला. फोटोपुढे खराखुरा पाळणा मांडला होता, शेजारी बसायला गादी.

"मूल गमावलेल्या आईची ही भूमिका. जमिनीवर बाळ निजलंय असं समजून ती त्याला थोपटते. बघताना थिएटरातल्या बायका बेशुद्ध पडायच्या असं जुने लोक सांगतात. आणि विशेष म्हणजे नानांना स्वतःला मूल नव्हतं. तरी आईचं दुःख त्यांना कुठून कळलं असेल? यालाच प्रतिभा म्हणायचं." मग नेहमीच्या आवाजात, "इथे फोटो काढायला परवानगी आहे बरं का."

पुण्याची बाई गादीवर बसली. केस मोकळे सोडले, हात जमिनीवर ठेवला आणि चेहरा पाडला. नवऱ्यानं फोटो काढला. मग कॉलेजच्या मुलींनी रांग लावली. एकीला हसू आवरेना. तिची मैत्रीण म्हणत होती, "अगं, सीरियस हो ना, बाळ गेलंय तुझं!"

मी भिंतीला हात लावून उभी राहिले. फरशी तीच होती. तिच्यावर आता कसलासा लेप दिला होता, काचेसारखा. पाणी सांडलं तरी आत जाणार नाही असा.

पावसाळा संपल्यावर कंपनीनं सांगलीतच नवं नाटक लावलं. नानांनी मावशीला सांगितलं, "रविवारी दुपारचा खेळ आहे. तू यायचंस. तुला काहीतरी दाखवायचंय." त्यांचा चेहरा फुललेला होता. बायकोसाठी दागिना करून आणलेला माणूस असतो तसा. त्यांनी टांगा पाठवला. मावशीनं ठेवणीतलं इरकली लुगडं नेसलं, मला वेणी घातली आणि आम्ही बायकांच्या बाजूला पुढच्या बाकावर बसलो.

तिसऱ्या अंकात पाळणा आला. नाना त्याच्यापाशी आले, पाळणा रिकामा बघितला आणि खाली बसले. आणि त्यांनी हात जमिनीवर टेकवला. उचलला. बघितलं. परत टेकवला.

एक बाई हुंदकली, मग दुसरी. आमच्या मागची म्हातारी "आई गं, आई गं" करत पुढच्या बाकावर डोकं आपटायला लागली. नानांनी थोपटत थोपटत अंगाईचं पद सुरू केलं. गळा असा लावला होता की दगडाला पाझर फुटावा. पद संपलं आणि पुरुषांच्या बाजूनं आरोळी उठली. "वन्स मोअर!"

मला वाटलं, आता नाना उठतील. पेटीवाल्यानं परत सूर धरला. नाना पुन्हा पाळण्यापाशी गेले, पुन्हा रिकामा बघितला, पुन्हा खाली बसले. हात टेकवला. उचलला.

त्या दुपारी लोकांनी ते तीनदा करून घेतलं. मावशीचं बाळ तीनदा मेलं आणि दर वेळी टाळ्या पडल्या.

मी मावशीकडे बघितलं. ती ताठ बसली होती. सगळ्या बायका रडत होत्या, ती एकटीच रडत नव्हती. शेजारच्या बाईनं तिला कोपरानं ढोसलं. "काय बया काळीज हाय तुमचं! नवरा येवढा जीव वततोय आन् तुमी बगत बसलाय."

घरी परत आल्यावर मावशीनं भाकरी थापायला घेतल्या. नाना खोबरेलानं तोंडाचा रंग पुसत तिच्याजवळ येऊन पाटावर बसले. अर्धा चेहरा बाईचा, अर्धा त्यांचा.

"कसं वाटलं?"

"चांगलं झालं."

"नाही, खरं सांग. तुझ्याइतकं ते कोण सांगणार? काय कमी पडलं?"

मी पटकन म्हणाले, "नाना, मावशी थोपटत न्हवतीच. तितं वल..."

माझ्या दंडाला चिमटा बसला. पिठाच्या हातानं मावशीनं माझा दंड असा धरला होता की दुसऱ्या दिवशी काळानिळा झाला.

"काय कमी न्हाई," ती नानांना म्हणाली. "अगदी तसंच झालं. जेवाय बसा."

त्यानंतर मी त्या घरात आणखी काही वर्षं राहिले, पण मावशीच्या चेहऱ्यावर मला काही दिसलं नाही. तिनं चेहरा उचलून कुठंतरी ठेवून दिला होता. सणाला, दुखण्याला, कुणाच्या मरणाला, चेहरा तोच. नाना तिच्याकडे बघत असत, वाट बघितल्यासारखे. कधी गमतीनं चिडवत, कधी मुद्दाम टोचून बोलत. तिच्याकडून काही मिळत नसे. माझी आई वारल्याचं मावशीनंच मला सांगितलं. सख्खी बहीण होती ती तिची. नाना दारात उभे होते. मावशीनं मला पोटाशी धरलं, पण डोळ्यांतून टिपूस नाही. नाना माघारी वळल्यावर तिनं माझ्या केसांत तोंड घातलं आणि माझं डोकं भिजलं.

"मावशी, तू त्यांच्यासमोर का रडत न्हाईस?" मी विचारलं.

"आमच्या गावात पंचमीला नाग समूर धरत्यात बग. त्येनं फणा काढला की पापणी हलवायची न्हाई. हलली की त्यो बगतोय."

लोक तिला काळीजच नसलेली बाई म्हणत. नानांची कीवही करत. एवढा कलावंत माणूस, आणि बायको बघा कशी मिळाली.

मी शिकले, लग्न होऊन साताऱ्याला गेले, शाळेत नोकरी केली. कंपनी केव्हाच बंद पडली होती. नानांचे सत्कार व्हायचे, मग तेही कमी झाले. आणि एके दिवशी त्यांच्या अंगावरून वारं गेलं. उजवी बाजू गेली. तोंड वाकडं झालं, जीभ जड झाली. मी भेटायला गेले तेव्हा मावशी त्यांना बाहेरच्या खोलीत चालवत होती. डॉक्टरांनी रोज चालवायला सांगितलं होतं. एका हातानं त्यांची काख धरलेली, दुसरा हात पाठीशी. नाना या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत पाय फरफटत जात होते, घामानं भिजलेले.

"बसव... मला," ते म्हणाले. शब्द नीट फुटत नव्हता.

"आजून एकदा," मावशी म्हणाली. "खांदं पाडू नगा. पाय वडताय कशापायी? उचला. असं न्हाई, असं."

आणि तिनं त्यांना चालून दाखवलं. साठीतल्या मावशीनं कमरेला पदर खोचला आणि टाच टेकायच्या आधी एक क्षण थांबत ती चालून गेली, त्या भिंतीपर्यंत, आणि वळून आली. इतक्या वर्षांत ती चाल तसूभर हलली नव्हती. नाना बघत राहिले. त्यांच्या चांगल्या डोळ्यातून पाणी गळायला लागलं आणि वाकड्या तोंडातून आवाज निघेना.

मावशीनं ते पुसलं नाही. ती शांतपणे त्यांच्याकडे बघत होती, डोकं जरासं एका बाजूला कलवून. मग म्हणाली, "चला."

असं रोज चालायचं, हे मला शेजाऱ्यांनी सांगितलं. सेवा किती करते बिचारी, असंही म्हणाले. ती खरंच करत होती. त्यांना भरवी, न्हाऊ घाली, पाठीला फोड येऊ देत नसे. नाना दोन वर्षं तसे जगले. ते गेले त्या दिवशी घर माणसांनी भरलं होतं आणि सगळ्यांच्या नजरा मावशीवर होत्या. ती रडली नाही. नानांच्या पुतण्यानं चिडून तिला सगळ्यांदेखत विचारलं, "काकू, तुम्हाला काहीच कसं वाटत नाही?" पुढे घर त्याच पुतण्याकडे गेलं आणि मावशी माझ्याकडे साताऱ्याला आली. माझ्याकडेच वारली. ती गेली तेव्हा बघायला मी एकटी होते, आणि तिनं तोंड भिंतीकडे केलं होतं.

घर बघून झालं. पुण्याचं कुटुंब गेलं, मुली गेल्या. ऋतुजानं मला माजघरात खुर्ची दिली, ट्रायपॉडवर मोबाइल लावला आणि माझ्या पदराला छोटा माइक अडकवला. मोठी गोड मुलगी. चहा दिला, पाठीला उशी दिली. मग माझ्या पायाशी फरशीवरच मांडी घालून बसली.

"आजी, नानांची ती थोपटण्याची अदा. ती त्यांना कशी सुचली, काही आठवतं? तुमच्या मावशींनी कधी काही सांगितलं?"

मी फरशीकडे बघितलं. तोंडाशी सगळं आलं होतं. हिला सांगितलं असतं तर हिच्या डोळ्यांत पाणी आलं असतं, हे मला दिसत होतं. ती माझा हात हातात घेईल. मग म्हणेल, आजी, जरा बसून दाखवता का, नक्की कसा हात होता? आणि पुढच्या महिन्यात पाळण्याशेजारच्या पाटीवर ओलीबद्दल दोन ओळी येतील. कॉलेजच्या मुली गादीवर बसून हात उचलून बघतील, किती वाळलंय.

"नाही गं," मी म्हणाले. "त्यांचं त्यांना सुचलं असेल. थोपटायचे मात्र छान."

तिनं मान हलवली. थोडी निराश झाली असावी. मग म्हणाली, "आणि घरी मूल नसल्याचं दुःख होतं का त्यांना? त्याबद्दल कधी बोलायचे?"

"मूल होतं."

"म्हणजे?" ती सरसावून बसली. "हे कुठंच नाहीये, आजी. कुठल्याच मुलाखतीत नाही. मुलगा होता की मुलगी?"

"मुलगी."

"नाव काय?"

"ठेवलं न्हवतं." साताऱ्यात इतकी वर्षं शाळेत शुद्ध बोलले, आणि आता जीभ गावाकडं गेली. "पाळण्यात घालायला नाना येणार हुते. दौरा लांबत गेला. आज येतो, उद्या येतो. ते आल्याबिगर बारसं करायचं न्हाई, असा त्यांचाच निरोप हुता. नुसतंच बाळ म्हणायचो आम्ही."

"मग नाना आल्यावर..."

"आले तवा तिला नेलं हुतं. त्यांनी तिला बघितलंच न्हाई कधी."

ऋतुजानं मागं वळून भिंतीवरच्या मोठ्या फोटोकडे बघितलं, त्या उचललेल्या हाताकडे. मग हलकेच विचारलं, "आजी, मावशींचा एखादा फोटो आहे का तुमच्याकडे?"

"आहे," मी म्हणाले, "पण तो मी देणार नाही." आणि पदराचा माइक काढून तिच्या हातात ठेवला.